पोट भरल्यावरची आठवण

सज्जनहो, पंढरीचा देव विटेवर का उभा राहिला, हे वारकऱ्याच्या घरी लहान पोरालाही ठाऊक असते. पुंडलीक आईबापांच्या सेवेत होता. देव दारी आला, तेव्हा त्याने वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, रागावला नाही.

याच जातीची एक कथा यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात आहे. अब्राहाम हा त्यांचा मूळपुरुष. ऐन उन्हाच्या वेळी तो तंबूच्या दाराशी बसला असता त्याला देवाचे दर्शन झाले. इतक्यात समोर तीन अनोळखी वाटसरू दिसले. तो म्हातारा उठला आणि धावत त्यांना सामोरा गेला! पाय धुवायला पाणी, झाडाची सावली दिली. नाव केले तुकडाभर भाकरीचे, आणि वाढले भरपूर. ते जेवीत असता स्वतः जवळ उभा राहिला. यावरून त्यांच्या तालमुद ग्रंथातील आचार्यांनी सिद्धांत काढला, की पाहुण्याचे स्वागत देवदर्शनाहून थोर. आहाराचे नियम त्यांचे निराळे, ते असोत, भाव पाहावा.

हे लोक आपल्याला परके नाहीत बरं का. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ ते हेच, बेने इस्राएल. मायबोली मराठी. मुंबईत मशीद बंदराजवळ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मुलुंडला लागून असलेल्या ठाण्यातले १८७९ चे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनेही केली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, थोडी येथे राहिली.

त्यांचा एक विधी आहे, मलिदा. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फिटला, लग्नकार्य निघाले, की मलिदा. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीत उगवलेल्याला दुसरे, सुवासिक वस्तूला तिसरे. मग प्रसाद सर्वांना. आशीर्वचन म्हटल्यावाचून खाणे ही देवाच्या घरची चोरी, असे तालमुद सांगतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीही देवांनी दिलेले त्यांना न देता भोगणाऱ्याला चोरच म्हटले आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण जेवणाआधी देवाचे नाव घेतो. तेही घेतात, पण त्यांच्या शास्त्राची थेट आज्ञा जेवणानंतरची आहे. खावे, तृप्त व्हावे आणि मग देवाचे आभार मानावे. आधी का नाही? भुकेला मनुष्य आपोआप देवाला हाक मारतो. विसरतो तो भरल्या पोटाचा. घरे झाली, गुरेढोरे वाढली, की हे सारे माझ्याच हाताने झाले असे तो म्हणू लागेल, असा इशारा त्याच अध्यायात मोशे देतो. आणि त्या आभारांत पहिली ओळख कोणती? माझा पोशिंदा एवढीच नव्हे, तर साऱ्या जगाचा पोशिंदा. तिघे एकत्र जेवले, तर एकाने बाकीच्यांना बोलावून मिळून आभार मानायचे. म्हणजे पंगतच की!

वारकऱ्यांनो, आषाढीच्या वाटेवर गावोगावची माणसे आपल्याला वाढतात. कुणाची चूल पहाटे तीनला पेटलेली असते. आपण ढेकर देऊन उठतो, पत्रावळीवर भात टाकतो, आणि पखवाज गळ्यात घालून निघतो. वाढणाऱ्या माउलीकडे वळून पाहिले का? आणि घरी आल्यावर? अंधेरी-बोरिवलीच्या इमारतीत दार लावून जेवताना, जिना चढून आलेल्या पोऱ्याला पाणी तरी विचारतो का? नामदेवराय भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. अब्राहाम वाटसरूंकडे धावला. दोघांनाही भुकेल्यात देव दिसला. धावणे ही त्याची खूण.

तेव्हा या एकादशीनंतर द्वादशीचे पारणे सोडाल, तेव्हा एवढे करा. ताटात टाकू नका, एक पान जास्त मांडा, आणि हात धुण्यापूर्वी क्षणभर बसून राहा. पोट भरल्यावर जो आठवतो, तोच खरा विठ्ठल आठवला.

रामकृष्णहरि.