बी नंतर, पाणी आधी

कीटक खाणारी झाडं घरी बियांपासून वाढवायची हौस आता अनेकांना लागली आहे, आणि त्यातही ड्रॉसेरा, म्हणजे आपल्याकडचा दवबिंदू, सगळ्यांच्या आवडीचा. या वाटेला जाणारा माणूस पहिली चौकशी करतो ती बियांची: कुठं मिळेल, केवढ्याला, कोणत्या रंगाचं. उगवलं नाही, किंवा उगवून महिन्याभरात काळं पडलं, की दोषही बियालाच देतो. माझा अनुभव वेगळं सांगतो. ओळखीच्या आणि भरवशाच्या माणसाकडून घेतलेलं बी सहसा दगा देत नाही. रोप मरतं ते पाण्यातल्या क्षारांनी, कुंडीतल्या खतानं आणि आपण मायेनं घातलेल्या मातीनं. म्हणून बियांवर पैसे घालण्याआधी पाण्याची सोय करा, हे माझं म्हणणं आहे, आणि त्यामागची कारणं नीट समजून घेतली तर पुढची निम्मी फजिती टळते.

हे झाड मुळात कुठं राहतं ते बघा. कास पठारावर किंवा कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू दिसतो तो जांभ्यावरच्या बोटभर मातीत, पाणी झिरपत राहतं अशा जागी. तिथं महिनोन् महिने पाऊस कोसळतो आणि मातीतलं पोषण धुऊन नेतो. इतर झाडांना जिथं पोट भरणं कठीण, तिथं हे झाड पानांवर चिकट केस उभारतं आणि नत्र-स्फुरद किड्यांच्या अंगातून मिळवतं. चार्ल्स डार्विननं 1875 साली प्रसिद्ध केलेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या ग्रंथात याच ड्रॉसेरावर केलेले प्रयोग सविस्तर मांडले आहेत. साखरेचं पाणी, डिंक, स्टार्च यांचे थेंब पानावर ठेवले तर केस हलत नाहीत. दूध, मांसाचा अर्क, अंड्यातला पांढरा बलक असं नत्र असलेलं काही ठेवलं की केस वाकून त्याला कवेत घेतात. म्हणजे अन्न घेण्याचं काम पानानं आपल्याकडे घेतलं आहे. मुळं उरली ती धरून ठेवायला आणि पाणी ओढायला. बारीक, मोजकी, आणि क्षारांची अजिबात सवय नसलेली. गुलाबाला जे खत मानवतं, ते इथं मुळं जाळतं.

आता आकडे पाहू. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ज्याला आपण टीडीएस म्हणतो, ते लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आत असावेत, असा ही झाडं वाढवणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हाच आकडा 500 पर्यंत चालतो, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. म्हणजे माणसाला उत्तम असलेलं पाणी या रोपाला दहापट खारट असू शकतं. बोअरवेलच्या पाण्याचं तर विचारूच नका. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. बियांच्या पाकिटाआधी तो घ्यावा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: आमच्याकडे नळाच्या पाण्यावर झाड चार महिने छान टिकलं, मग एवढा बाऊ कशाला? टिकलं असेल, कारण क्षार एका दिवसात मारत नाहीत, साठत जातात. ही कुंडी ताटलीतल्या पाण्यात उभी असते. पाणी खालून चढतं, वरून उडून जातं आणि क्षार कुंडीतच राहतात. हिशेब करून पाहा. पाण्याचा टीडीएस 300 आहे आणि छोटी कुंडी दिवसाला 100 मिलिलिटर पाणी पिते असं धरलं, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत 24 लिटर पाणी जातं आणि मागे सात ग्रॅमच्या वर क्षार उरतात. मूठभर मिश्रणाच्या कुंडीत चमचाभराहून जास्त. कडेला पांढरी पुटं दिसू लागतात तोवर रोपानं चिकट थेंब सोडणं बंद केलेलं असतं. पाणी उकळून हा प्रश्न सुटत नाही: थोडा चुना भांड्याला बसतो, बाकीचे क्षार तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. नुसता यूव्ही फिल्टर जंतू मारतो, क्षार काढत नाही. आरओ काढतो; पण घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय अनेकदा असते, तेव्हा त्याचंही पाणी मोजूनच वापरावं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. एसीतून ठिबकणारं पाणी मीटरवर स्वच्छ दिसतं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश येऊ शकतात आणि मीटर ते वेगळे सांगत नाही. अडीनडीला मोठ्या झाडाला घाला, रोपांना नको.

सगळ्यात चांगलं आणि फुकट पाणी पावसाचं. पहिले एक-दोन पाऊस धूळ घेऊन येतात, ते जाऊ द्यावेत. नंतर गच्चीत स्वच्छ टब उघडा ठेवून पाणी धरावं. स्लॅबवरून वाहून आलेलं घेऊ नये, सिमेंटचा चुना त्यात उतरतो. गाळून झाकणाच्या कॅनमध्ये भरावं, झाकण घट्ट लावावं, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळायचे. जुलै-ऑगस्टमध्ये वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून ठेवले की एका कुंडीची पुढच्या पावसापर्यंतची काळजी मिटते.

पाण्याइतकाच घात माध्यम करतं. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको. खत न मिसळलेलं पीट मॉस आणि परलाइट निम्मं-निम्मं, हे खात्रीचं मिश्रण. पीटसाठी दूरदेशीच्या दलदली खणल्या जातात, मग आपल्याकडचं कोकोपीट का नको, असं कोणी विचारलं तर तो आक्षेप मला मनापासून पटतो. पण नारळाच्या काथ्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार बरेच असतात. ते वापरायचं तर पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून पिळावं आणि निथळलेल्या पाण्याचा टीडीएस घातलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धूत राहावं. एवढा धीर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. कुंडी प्लॅस्टिकची घ्यावी. मातीची कुंडी क्षार शोषून ठेवते.

इतकी तयारी झाल्यावर पेरणी अगदी सोपी. बी मिरपुडीसारखं बारीक असतं, हवेच्या झोताबरोबर उडून जातं. दुमडलेल्या कागदावर घेऊन, कागदाला टिचकी मारत, ओल्या मिश्रणावर पसरू द्यावं. वर मिश्रणाचा थर देऊ नये. या बियांना उगवायला उजेड लागतो, आणि खोल गाडलेलं बी पडून राहतं. पाणी वरून ओतू नये, ताटलीत बोटाच्या पेराएवढं ठेवावं. वर पारदर्शक झाकण, जागा भरपूर उजेडाची, पण झाकलेल्या कुंडीवर दुपारचं ऊन येऊ देऊ नये. आत वाफ कोंडून सगळं शिजून जातं. बुरशीचे पांढरे तंतू दिसले की झाकण थोडं उघडं ठेवावं. केप ड्रॉसेरा, म्हणजे ड्रॉसेरा कॅपेन्सिस, साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवतो, कधी जास्तही घेतो. हिरवा ठिपका दिसला म्हणजे रोपच आलं असं नाही, शेवाळही तितकंच हिरवं असतं. भिंग लावून पाहा: दोन इवली दलं, त्यांच्यामधून टाचणीच्या डोक्याएवढं पहिलं खरं पान, त्याच्या कडेनं मोजके केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. हा थेंब दिसला की रोपाचं बरं चाललं आहे. तो नाहीसा झाला की आधी पाणी तपासा, मग ऊन.

जातीची निवड मात्र हवामान बघून करावी. दक्षिण आफ्रिकेतला ड्रॉसेरा कॅपेन्सिस नवख्यांना उत्तम. पेरणी ऑक्टोबरात करावी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत रोपं थोडी सावरतात. एप्रिल-मेची विदर्भातली काहिली त्याला सोसत नाही, तिथं सावली आणि गारवा द्यावाच लागतो. आपल्याकडचा ड्रॉसेरा बर्मानी जमिनीलगत नाण्याएवढा पसरतो आणि त्याचे कडेचे केस काही सेकंदांत वाकतात. पण तो वर्षायू आहे, फुलून बी धरून मरतो. ते मरण म्हणजे आपली चूक नव्हे, बी गोळा करून पुन्हा पेरायचं. युरोप-अमेरिकेतला रोटुंडिफोलिया इथं मागवू नये: बियांना फ्रिजमध्ये ओलसर ठेवून चार-सहा आठवडे थंडी द्यावी लागते, आणि पुढे दरवर्षी खरा हिवाळा लागतो, तो कुठून आणणार?

रोप एवढंसं, मग किडे कसे पकडणार, हा प्रश्न रास्त आहे. माशांच्या खाद्याची पूड काडीच्या टोकानं पानावर कणभर ठेवली की वाढ चांगलीच वेगानं होते. कणभरच, जास्त झालं तर बुरशी येते. चिकनचे तुकडे, दूध वगैरे प्रयोग डार्विनवर सोडून द्यावेत. आणि घरातले डास कमी होतील या आशेनं कोणी हे झाड लावू नये. एक-दोन कुंड्यांनी डास हटत नाहीत, जाळीच लावा.

बी कुठून आणायचं, हे इतकं सांगून झाल्यावर. निळ्या-जांभळ्या पानांचे फोटो दाखवून विकली जाणारी पाकिटं घेऊ नयेत. परदेशातून बी मागवायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, साध्या लिफाफ्यातून मागवणं बेकायदेशीर आहे. इथंच वाढवणाऱ्याकडून घ्यावं. कॅपेन्सिस स्वतःच्याच परागांनी भरपूर बी धरतो, त्यामुळे ज्याच्याकडे एक झाड आहे त्याच्याकडे वाटण्याइतकं बी असतंच. कासवरून किंवा सड्यावरून मात्र रोप काय, बोंडसुद्धा उचलू नये. तिथल्या वर्षायू झाडांचं पुढचं वर्ष त्या बोंडातच असतं. उलट दिशेनंही तेवढीच काळजी घ्यावी. कॅपेन्सिस शेजारच्या कुंड्यांत आपोआप उगवतो, न्यूझीलंडमध्ये तर त्याची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. म्हणून बोंडं तपकिरी होऊ लागली की फुटायच्या आत दांडा कापून कागदी पाकिटात घालावा, वर नाव आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि उरलेलं बी पठारावर उधळायचा मोह कोणाला झाला तर त्याला तिथंच थांबवावं.