अणुवैद्यक आणि वेळेचे गणित

गावातील रुग्णास डॉक्टर शहरात जाऊन ‘पेट स्कॅन’ करून घेण्यास सांगतात, तेव्हा हे यंत्र आपल्या जिल्ह्यात का नसावे, असा प्रश्न कुटुंबीयांना पडतो. यंत्र महाग आहे, हे त्याचे अर्धे उत्तर होय. उरलेले अर्धे उत्तर वेळेच्या गणितात दडलेले आहे.

क्ष-किरण तपासणीत किरण शरीराबाहेरून येतात. अणुवैद्यकात मात्र किरणोत्सारी औषधाची अल्प मात्रा बहुधा शिरेतून शरीरात सोडली जाते आणि तिच्यामुळे बाहेर पडणारे किरण कॅमेरा टिपतो. त्यामुळे अवयव कसा दिसतो एवढेच नव्हे, तर तो कसे कार्य करतो हेही समजते.

भारतात या शास्त्राची पायाभरणी लवकर झाली. मुंबईत परळ येथे १९६३ साली ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ सुरू झाले. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉनही २००२ साली याच केंद्रात आले.

गॅमा कॅमेऱ्यासाठी प्रामुख्याने टेक्नेशियम वापरतात. त्याची किरणोत्सारिता सहा तासांत निम्मी होते. परंतु ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते, त्याचा अर्धायुकाल सुमारे ६६ तासांचा असतो. मॉलिब्डेनम भरलेले जनित्र दूरच्या रुग्णालयातही पाठवता येते आणि दुभत्या गायीची रोज धार काढावी, तसे त्यातून सुमारे आठवडाभर टेक्नेशियम मिळवता येते.

पेट स्कॅनमध्ये बहुतांशी वापरले जाणारे फ्लोरिन-१८ मात्र ११० मिनिटांतच निम्मे होते. ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते व साठवून ठेवता येत नाही. सकाळी आठ वाजता तयार झालेल्या औषधाची पावणेबाराच्या सुमारास केवळ चतुर्थांश शक्ती उरते. म्हणूनच ही यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटली आहेत.

याचा भार दूरच्या रुग्णावर पडतो. प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा खर्च तपासणीच्या शुल्कात धरला जात नाही. उपाशीपोटी निघालेल्या रुग्णाची गाडी चुकली, तर त्याच्यासाठी आणलेली मात्राही वाया जाऊ शकते.

देशात यंत्रे किती आहेत, एवढ्यावरून आरोग्यसेवेची प्रगती मोजता येत नाही. रुग्ण यंत्रापासून किती तासांच्या अंतरावर आहे, हेही मोजावे लागते.

विचार करा :
१. गॅमा कॅमेरा सायक्लोट्रॉनपासून दूरही का चालू शकतो?
२. तुमच्या गावाहून जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागतो?