मालिकेच्या करारात काय लिहिलंय?

‘पोरगं म्हणतं मालिकांच्या क्षेत्रात जायचं; पोटापाण्याचं काय?’ हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरीकडच्या पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. पण मालिकेत अभिनय-लेखनाखेरीज आणखी एक काम असतं: कथा, पटकथा, संवाद कुणाच्या मालकीचे, हे सांभाळणाऱ्या वकिलाचं.

मुंबई उच्च न्यायालयातला २००३ चा झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हा खटला बघा. आपण विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेवर वाहिनीने परस्पर मालिका काढली, अशी सनडायलची तक्रार होती. त्या मालिकेविरुद्धचा मनाई हुकूम उच्च न्यायालयात कायम राहिला. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं होतं. सासू-सुनेचं भांडण काही कुणाच्या बापाचं नाही! त्यातली पात्रं, प्रसंगांची गुंफण, संवाद मात्र कागदावर उतरले की लेखकाचे. आणि गुपित म्हणून सांगितलेलं वापरलं, तर तो विश्वासभंग.

खरी मेख करारात असते. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलंच नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ‘लेखकाने रॉयल्टी सोडली’ असं कलम घालून त्याला सहजासहजी गप्प बसवता येत नाही. शिवाय कॉपीराइटचा दावा लेखकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. म्हणजे हे काम जाणणारा वकील हिंगोलीतही लागेल, फक्त मुंबईच्या अंधेरीत नव्हे.

शिक्षण कोणत्याही शाखेतून चालतं. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा. छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा. सुरुवातीची कमाई तुटपुंजी असते, हे आधीच मनाशी धरा. करार बहुतेक इंग्रजीत असतात, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी कॉलेजात असतानाच मसुदे लिहायचा सराव करावा. माझ्या मते गुणांपेक्षा हाच सराव जास्त उपयोगी पडतो.

मुलाला वकिली नको, लेखनच करायचं असेल, तर संहिता कुणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी. अठराच्या आतल्या मुलाचा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून सही तुम्हा पालकांची मागतील. ती करण्याआधी रॉयल्टीचं कलम वाचा.