नायटा, चिखल्या व शिबें

ताप आला तर घरांत लगेच धांवपळ होते, आणि दांत दुखूं लागला तर मूल आपण होऊन आईजवळ जातें. परंतु जांघेंत किंवा कमरेभोंवतीं नायटा उठला तर तेंच मूल महिना महिना तोंडांतून अक्षर काढीत नाहीं. लाजेमुळें रोग लपविला जातो, आणि लपविल्यामुळें तो वाढतो. हा रोग प्राणघातक नाहीं हें खरें. तरी रात्रीची झोंप, अभ्यासांतील लक्ष आणि सोबत्यांत मिसळण्याचें धैर्य हीं तिन्ही तो हिरावून घेतो. शिवाय गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत तो पूर्वीपेक्षां चिवट झाला आहे. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं या विषयाचें ज्ञान करून घेणें अगत्याचें आहे.

रोगाचें मूळ

इंग्रजींत या रोगास 'रिंगवर्म' म्हणतात. त्यावरून कातडीखालीं एखादा किडा वेटोळें घालून बसला असावा अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः किडा मुळींच नसतो. असते ती बुरशी. पावसाळ्यांत शिळ्या भाकरीवर, लोणच्यावर, कपाटांतील चामड्याच्या वहाणांवर जी चढते तिच्याच जातीची ही एक सूक्ष्म वनस्पति असें पूर्वीं मानीत. आतां शास्त्रज्ञ बुरशीची गणना वनस्पतींतही करीत नाहींत व प्राण्यांतही करीत नाहींत; तिचा वर्ग स्वतंत्र मानितात. तिला हिरव्या पानासारखें स्वतःचें अन्न तयार करितां येत नाहीं. तें दुसरीकडून घ्यावें लागतें.

आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर, केस व नखें हीं केराटिन नांवाच्या कठीण द्रव्याचीं बनलेलीं असतात. गाईचें शिंग व पक्ष्याचें पीसही त्याच प्रकारच्या द्रव्याचें असतें. नायट्याची बुरशी हें केराटिन पचवून त्यावर जगते. एका ठिकाणीं रुजल्यावर ती चोहोंबाजूंस सारखी पसरते. मध्यभागीं शरीराचा प्रतिकार सुरू होऊन तेथील त्वचा निवळूं लागते. कडेला मात्र बुरशी ताज्या त्वचेंत पुढें सरकत असते. म्हणून कडा लाल, उंच व खवल्यांची, आणि मध्य मोकळा, असें वर्तुळ दिसतें.

रोगजंतूंच्या इतिहासांत या बुरशीस मानाचें स्थान आहे. डोक्यावर पिंवळ्या खपल्या आणणाऱ्या एका विकारांत रोबर्ट रेमाक यानें १८३७ सालीं बुरशीचे धागे पाहिले. १८३९ सालीं शोनलाइन यानें तीं प्रसिद्धीस आणिलीं. आणि १८४१ सालीं पॅरिस येथें डेव्हिड ग्रुबी यानें स्वतंत्रपणें तेंच दाखविलें. रॉबर्ट कॉखनें सांसर्गिक काळपुळीच्या जंतूवरील आपलें काम १८७६ सालीं प्रसिद्ध केलें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सूक्ष्म जीवापासून मनुष्यास रोग होतो हें नायट्याच्या वर्गांतील रोगानें किती आधीं शिकविलें तें कळेल.

आपल्याकडे चरक व सुश्रुत यांच्या संहितांत 'दद्रु' या नांवानें याचें वर्णन आहे. पहिल्या पावसांत उगवणाऱ्या टाकळ्यास संस्कृतांत 'दद्रुघ्न' म्हणतात तें यावरूनच. पुढें 'गोवा पावडर' नांवाची एक पिंवळट भुकटी नायट्यावर प्रसिद्धीस आली. ती गोव्यांतली नव्हे. ब्राझील देशांतील एका झाडाच्या खोडांतून निघणारी ही भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारामुळें गोव्यास येत असे. तिनें गुण येई. पण कातडीची आग होई व कपड्यांवर न जाणारे डाग पडत.

निरनिराळीं रूपें

अंगावर, जांघेंत व कमरेवर होतो तो नायटा किंवा गजकर्ण. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते, चिरते व झोंबते, त्यास आपण चिखल्या म्हणतों. दिवसभर ओले बूट घालणाऱ्यांस किंवा शेतांत पाण्यांत उभें राहणाऱ्यांस त्या विशेषेंकरून होतात.

डोक्यांतील नायटा बहुधा लहान मुलांस होतो. केस मुळाजवळ तुटून टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसतात. कधीं तेथें मऊ, दुखरी, पू झालेली सूज येते. ती गळूं समजून फोडूं नये. तांतडीनें डॉक्टरांस दाखवावी, नाहींतर तेथें केस पुन्हां उगवत नाहींत. नखांस लागण झाली तर नख जाड, पिंवळट व ठिसूळ होतें.

शिबें हा प्रकार या सर्वांहून निराळा आहे. छातीवर, पाठीवर व मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके पडतात व त्यांवर बारीक कोंडा असतो. याची बुरशी बहुतेक सर्वांच्या त्वचेवर मुळांतच असते. उष्मा व घाम वाढला म्हणजे ती माजते. म्हणून शिबें झालेल्या मुलापासून दूर पळण्याचें कांहीं कारण नाहीं. औषधानें बुरशी मेली तरी त्वचेचा मूळ रंग परत येण्यास कांहीं महिने लागतात. तेवढ्यावरून औषध लागू पडलें नाहीं असें समजूं नये.

पारख

प्रत्येक गोल चट्टा नायटाच असतो असें नाहीं. इसबाचाही चट्टा गोल असूं शकतो. विशेष सांगावयाचें तें हें, कीं फिकट किंवा लालसर चट्ट्यास खाज नसून तेथील स्पर्शज्ञान कमी झालें असेल, तर तो कुष्ठरोग असण्याचा संभव असतो. अशा वेळीं एक दिवसही न दवडतां सरकारी आरोग्य केंद्रांत जावें. तेथें त्याचें औषध फुकट मिळतें, आणि वेळीं घेतल्यास रोग पूर्ण बरा होऊन व्यंग टळतें.

नायट्याची खात्री करण्याची रीत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून कांचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावाचा थेंब टाकतात, आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहतात. त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात व बुरशीचे फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसतात.

घातक मलमें

गेल्या पावसाळ्यांत वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी कवाइतीच्या तासास वारंवार गैरहजर राहूं लागला. विचारपूस केली तेव्हां कळलें, कीं मांड्या खाजून सोलल्या गेल्यामुळें त्यास धांववत नव्हतें. तीन महिने तो दुकानांतून आणलेलें मलम लावीत होता. लावलें कीं दोन दिवसांत खाज थांबे; सोडलें कीं आठवड्यांत चट्टा पुन्हां उठे, आणि पहिल्याहून मोठा. घरांतील पांच माणसांपैकीं चौघांस तोच विकार होता व सर्वांस मिळून पंचे दोनच होते. डॉक्टरांनीं तें मलम बंद केलें, चौघांसही एकाच वेळीं औषध सुरू केलें, आणि प्रत्येकास निराळा पंचा घ्यावयास लाविलें. बरें होण्यास अडीच महिने लागले. परंतु सर्व घर बरें झालें.

त्या मलमांत होतें काय? बुरशीनाशक द्रव्याबरोबर त्यांत तीव्र स्टिरॉइड मिसळलेलें होतें. स्टिरॉइड बुरशीस मारीत नाहीं. तें शरीराचा प्रतिकार दाबून टाकतें. लाली व खाज हीं त्या प्रतिकाराचींच चिन्हें असल्यामुळें तीं मावळतात व रोगी निर्धास्त होतो. पहारेकऱ्यास झोंपवून चोर गेला असें समजण्यासारखेंच हें आहे. बुरशी मात्र निर्वेध पसरते, वर्तुळाचा आकार बिघडतो, व डॉक्टरांसही रोग ओळखणें कठीण जातें. पुष्कळ दिवस लाविल्यास त्वचा पातळ होते, आणि वाढत्या वयांतील मुलांच्या मांड्यांवर कायमचे वळ पडतात. याच कारणास्तव २०१८ सालीं भारत सरकारनें अनेक स्टिरॉइडयुक्त मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

याच काळांत बुरशीही बदलली. २०२० सालीं जपानी संशोधकांनीं भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या एका जातीस 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असें नांव दिलें. टर्बिनाफीन हें एरव्हीं उत्तम औषध या जातीच्या पुष्कळ बुरशीवर चालत नाहीं. अर्धवट सोडलेले उपचार व स्टिरॉइडचा दुरुपयोग यांनीं अशा जातीच्या फैलावास हातभार लाविला असावा, असें तज्ज्ञांचें मत आहे.

योग्य उपचार

अंगावर एकदोन लहान चट्टे असतील तर क्लोट्रिमॅझोलसारखें साधें, स्टिरॉइड नसलेलें मलम पुरतें. विकत घेतांना वेष्टनावरील घटकांचीं नांवें वाचावीं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन हीं नांवें दिसल्यास तें मलम परत करावें. मलम लावण्यापूर्वीं जागा धुवून पूर्ण कोरडी करावी. तें चट्ट्यावर लावावेंच, पण कडेबाहेर सुमारें दोन सेंटिमीटरपर्यंत लावावें, कारण बुरशी डोळ्यांस दिसते त्याच्या पुढें गेलेली असते. दिवसांतून दोनदां, दोन ते चार आठवडे लावावें. आणि चट्टा नाहींसा झाल्यावरही एकदोन आठवडे चालूं ठेवावें. बहुतेकांचा उपचार फसतो तो या शेवटच्या पायरीवर.

चट्टे पुष्कळ असतील, चेहऱ्यावर असतील, किंवा दोन आठवड्यांत उतार पडत नसेल, तर डॉक्टरांकडे जावें. डोक्यांतील नायट्यास व नखांच्या बुरशीस बहुधा पोटांत औषध घ्यावें लागतें. असें पहिलें औषध ग्रिझिओफुल्विन. तें १९३९ सालीं एका पेनिसिलियम बुरशींतून काढलें गेलें. आणि १९५८ सालीं ग्लासगो येथें जेंटल्स यांनीं तें पोटांत देऊन गिनीपिगांचा नायटा बरा करून दाखविला. एका बुरशीचें औषध दुसऱ्या बुरशीपासूनच मिळालें! पायाच्या अंगठ्याचें नख नवें येण्यास एक ते दीड वर्ष लागतें, म्हणून तेथें धीर धरावा. लिंबू, लसूण, रॉकेल किंवा ॲसिड चोळून कातडी भाजून घेऊं नये. मोठ्या माणसांस असे विकार वारंवार होत असल्यास त्यांनीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

निवारण

बुरशीस ऊब व ओल पाहिजे. त्या दोन्ही तिला मिळूं देऊं नयेत. स्नानानंतर जांघा, काखा व बोटांचीं बेचकीं पुसून कोरडीं करावीं. घट्ट जीन्सऐवजीं सैल सुती कपडे वापरावे, आणि अर्धवट वाळलेले कपडे अंगावर चढवूं नयेत. पंचा, अंतर्वस्त्रें, कंगवा व टोपी प्रत्येकाचीं निराळीं असावीं. हा नियम वसतिगृहांतील मुलांनीं विशेष पाळावा. रोग्याचे कपडे वेगळे, कढत पाण्यांत धुवावे व उलटे करून उन्हांत वाळवावे. कमरेचा करगोटा नेहमीं ओलसर राहतो. नायटा असेपर्यंत तो काढून ठेवावा. मांजर, कुत्रा किंवा वासरूं यांच्या अंगावर केस गेलेले चट्टे दिसल्यास गुरांच्या डॉक्टरांस दाखवावें, कारण त्यांच्यापासूनही लागण होते.

आईबापांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे, कीं मुलास नायटा झाला म्हणून त्यास घाणेरडें म्हणूं नका. रोज स्नान करणाऱ्यासही तो होतो. उपचार सुरू झाल्यावर त्यास शाळेंतून घरीं ठेवण्याचीही गरज नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, अंगावर चट्टा दिसतांच त्याच दिवशीं घरीं सांगा. एका आठवड्याचा नायटा एका लहानशा नळीनें बरा होतो. सहा महिने लपविलेला नायटा साऱ्या घरास औषध घ्यावयास लावतो.