गच्चीवरील सौरकाम आणि पडण्याचा धोका

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर आज सौरफलक दिसू लागले आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये 1 कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांना या क्षेत्रात रोजगार मिळतो, याचा आम्हांला आनंद आहे. तथापि हे काम विजेइतकेच उंचीचेही आहे, याचा विसर पडू नये.

गच्चीला कठडा असताना माणूस पडतो कसा? गच्ची रहिवाशांना वापरता यावी म्हणून फलक अनेकदा सात-आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर बसवितात. त्यावर चढलेल्या कामगाराच्या कठडा पायांखाली राहतो. तो त्याला अडवू शकत नाही. सुमारे 2 चौरस मीटरचा, 20 किलोहून जड फलक वाऱ्यात शिडासारखा ओढ घेतो. ऊन असेपर्यंत त्यात वीजदाब असतो. लहानशा झटक्यानेही तोल जातो. कारखान्यांच्या छपरांवर तर जुना सिमेंटचा पत्रा पावलाखालीच फुटतो. 10 मीटरवरून पडणारा माणूस दीड सेकंदाच्या आत, ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने आदळतो. सावरण्यास अवधीच नसतो. म्हणून ‘जपून काम कर’ एवढे सांगणे पुरेसे नाही.

उपाय कामाआधीच योजावे लागतात. मोकळ्या कडेला तात्पुरते कठडे उभारावेत, पत्र्यांवर फळ्या टाकाव्यात. पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा पक्क्या आधाराला अडकवावा. पाण्याच्या नळाला कदापि नव्हे. पट्ट्यात लटकलेल्या माणसाचे रक्ताभिसरण मंदावते, त्याला काही मिनिटांत उतरवावे लागते. म्हणून एकट्याने काम करू नये. पावसात व जोराच्या वाऱ्यात काम थांबवावे.

1996 च्या कायद्यान्वये बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. सौरफलक बसविण्याचे काम मंडळाच्या यादीत आहे. मागील वर्षात 90 दिवस असे काम केलेल्यांनी नोंदणी अवश्य करावी. अपघातानंतर घरच्यांना कागदपत्रे शोधत फिरावे लागू नये.

आपल्यापैकी अनेकजण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. दरपत्रक मागविताना सुरक्षेचा खर्च स्वतंत्र लिहून घ्यावा, ही त्यांना आमची नम्र विनंती. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे आपण याच शाळेत शिकलो. गच्चीवरून पडणे हेही नशीब नव्हे. त्यालाही कारण असते.