बूड लोखंडी नसतं

प्रश्न : मी मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरी करतो. चोवीस तासांत हजार मैल मोटरसायकल चालवायची, असा एक प्रकार आहे. तो येत्या डिसेंबरात करून बघायचा विचार आहे. सुट्टीच्या दिवशी सराव सुरू केलाय, पण दोन तासांत बूड बधिर होतं, आणि ऊन वाढल्यापासून जाकीट अंगावर ठेववत नाही. मित्र म्हणतात, महागातलं जाकीट घे, जेलची सीट बसव. खरंच फरक पडतो का?
— एक वाचक, मिहान, नागपूर

उत्तर : तुम्ही म्हणता तो प्रकार अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनचा, नाव ‘सॅडलसोर १०००’. आयर्न बट म्हणजे लोखंडी बूड आणि सॅडलसोर म्हणजे खोगीर घासून झालेली जखम. नाव ठेवणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. पेट्रोलच्या पावत्या जपून पाठवायच्या, त्यावरून वेळ आणि अंतर तपासतात.

सामानाआधी जरा गणित करू. हजार मैल म्हणजे १६०९ किलोमीटर. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला वेगाची कमाल मर्यादा ताशी ८०. काटा सबंध वेळ ऐंशीवर टेकवून ठेवला (तो राहत नाही, गावं येतात, गुरं येतात), तरी नुसतं चालवण्यातच वीस तास जातात. उरलेल्या चार तासांपेक्षा कमी वेळात पेट्रोल, जेवण, लघवी आणि झोप. म्हणून माझं पहिलं उत्तर तुम्हाला आवडणार नाही : यंदा सोळाशेचा नाद सोडा, आठशे करा. आराम ही चैन नाही हे मात्र आठशेलाही लागू आहे. बूड दुखतं म्हणून दर तासाला थांबणारा माणूस तो वेळ पुढे वेग वाढवून भरून काढायला बघतो, आणि घात तिथेच होतो.

रस्ता कुठला, हेही सांगून टाकतो. तुमच्या ऑफिसपासून जवळच, शिवमडक्याला, समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटर, नाकासमोर मुंबईकडे. पण त्यावर दुचाकीला मनाई आहे, तेव्हा तो विषय संपला. तुम्हाला ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा. त्याच रस्त्याने दक्षिणेला जात राहिलात, तर तुमचे हजार मैल मदुराई ओलांडल्यावर कुठेतरी पुरे होतील.

आता सीट. ऑफिसात तुम्ही आठ-नऊ तास खुर्चीत बसता, तेव्हा बूड बधिर होत नाही. कारण तिथे तुम्ही सारखे हलता, पाय मोकळे सोडता, चहाला उठता. मोटरसायकलवर धडाचा सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. दाबाखाली रक्त नीट फिरत नाही, मग मुंग्या येतात. मऊ सीट दुकानात गुबगुबीत लागते. तासाभरात तिचा फोम दबून तळाला टेकतो आणि हाडं थेट पत्र्यावर बसल्यासारखी होतात. लांब पल्ल्याला थोडी कडक पण रुंद सीट बरी. जेलबद्दल एक सावधगिरी : गाडी दुपारी उन्हात उभी राहिली की जेल तापतं आणि लवकर निवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात त्यावर बसून बघा, मित्रांचा सल्ला आपोआप विसराल.

दुसरं दुखणं दाबाचं नाही, घामाचं. रेक्झिनमधून हवा जात नाही. ओली कातडी मऊ पडते आणि शिवणीला घासून सोलवटते. मी एकदा जीन्स आणि साधी सुती चड्डी घालून रायपूरला गेलो होतो. शिवण नेमकी कुठे असते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढचे चार दिवस विसरता आलं नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. त्याऐवजी बिनशिवणीची, लवकर वाळणारी, अंगाला घट्ट बसणारी अर्धी चड्डी घ्या. सगळ्या खरेदीत सर्वांत स्वस्त हीच, आणि फरकही सर्वांत जास्त हिचाच. सीटवर हवा खेळती ठेवायची तर ट्रकवाले लाकडी मण्यांचं आसन टाकतात, त्यात शहाणपण आहे. तेही नको असेल, तर फुगवायची हवेची गादी मिळते. ती फुग्यासारखी टम्म करू नका. हाडं सीटला टेकणार नाहीत इतपतच हवा ठेवा. आणि मोकळा, सरळ रस्ता असेल तेव्हा अर्ध्या तासाने पायांवर जोर देऊन बूड क्षणभर उचला.

जाकिटाचं उत्तर तुमच्या घरच्या कूलरमध्ये आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. आपल्या कातडीचं तापमान पस्तिशीच्या आसपास. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून ओततो. म्हणजे चाळिशीत जाळीचं जाकीट घालून सुसाट निघणं हे पाणी न भरता कूलर लावण्यासारखं : पंखा फिरतो आणि लू आत येते. वाळ्याच्या ताटीवर पाणी पडलं की मग गारवा. तसंच करा. आतला पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा पेट्रोल पंपावर भिजवा, वर जाकीट घाला आणि त्याची हवेची तोंडं थोडीच उघडी ठेवा. सगळी उघडलीत तर वीस मिनिटांत सदरा वाळून कोळ होईल. थोडी उघडी ठेवलीत तर बराच वेळ गार वाटतं. गळ्याला ओला दुपट्टा. उघड्या हातांनी टी-शर्टवर जाणारा पोरगा मोकळाढाकळा दिसतो, पण तोच आधी सुकतो. जुलैत मात्र ही युक्ती चालत नाही. हवाच ओली असते, आणि कूलर तेव्हा नुसती चिकचिक करतो हे नागपूरकराला मी काय सांगणार. पावसाळ्यात जाळीचं जाकीट आणि वर रेनकोट.

डिसेंबरातली पहाट याच्या उलट. तेव्हा स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा वारा अडवणारा एकच थर हवा. काहीच नसेल तर जाकिटाखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी, हा जुन्या लोकांचा उपाय अजून हरलेला नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कानांचं बोललंच पाहिजे. दमणूक होते ती अर्धी इथून. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. हिशेब केलात तर शंभरला पंधरा मिनिटं उरतात. फोमचे कानबोळे थोड्या पैशांत येतात. बोटांनी वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे. हॉर्न ऐकू येतो, भणभण जाते, आणि संध्याकाळी माणूस माणसासारखा बोलतो.

बाकीचं थोडक्यात. हेल्मेट तोंड झाकणारं, आयएसआय मार्कचं. जाकिटाच्या किमतीपेक्षा कोपर-खांद्यातल्या पॅडवर ‘ईएन १६२१’ छापलंय का ते पाहा. नसेल तर तो नुसता स्पंज. पाण्याची नळीवाली पिशवी पाठीवर असू द्या, म्हणजे तहान लागण्याआधी घोट घेता येतो. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. तळवे बधिर होत असतील, तर हँडल आवळणं सोडा आणि गुडघ्यांनी टाकी धरा. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान डोळा लागायला लागला, तर त्यावर कुठलंही सामान विकत मिळत नाही. थांबून झोपा.

एवढ्यात काही घेऊ नका. एका रविवारी पहाटे निघून रायपूरला जाऊन या, साडेपाचशेच्या वर होतात. परतल्यावर काय, कुठे आणि कितव्या तासाला दुखायला लागलं ते कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. सावजी जेवणही परतल्यावरच. निघण्याआधी नको, ते त्याच सीटवर बसून भोगावं लागतं.