चि. माधवास, सुरी घडवण्याविषयी



तुझे पत्र पावले. स्वहस्ते सुरी करण्याचा तुझा इरादा वाचून संतोष झाला. परंतु ऐरण, घण आणि भाता यांची तजवीज झाल्याखेरीज या कामास हात घालता येणार नाही, अशी जी तुझी समजूत दिसते, ती सोडून दे. नवशिक्याने पोलाद ठोकण्याच्या भरीस न पडता ते घासूनच आकारास आणावे, हे श्रेयस्कर.

चांगल्या प्रतीची जुनी, झिजलेली कानस मिळव. तिच्या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असल्यामुळे ते धार उत्तम धरते. लोणारी कोळशाच्या शेगडीत ती लाल होईतो तापवून राखेत पुरावी व रात्रभर निवू द्यावी, म्हणजे नरम होऊन करवतीला दाद देईल. तिचे दात निःशेष घासून काढ, कारण तडा बहुधा तेथूनच जातो. दोन्ही अंगांनी उतार देताना धारेकडे एक मिलिमीटरभर जाडी शिल्लक ठेव, आणि मुठीच्या रिव्हेटांची भोके याच वेळी पाडून घे. पोलाद कठीण झाल्यावर तुझा ड्रिल त्यात शिरणार नाही.

पाणी देण्याचे काम उघड्यावर करावे. तापलेले पाते लोहचुंबकास चिकटेनासे झाले की किंचित अधिक लाली चढू द्यावी आणि सांडशीने धरून ते कोमट तेलात टोकाकडून सरळ बुडवावे. तेल भडकण्याचा संभव असल्यामुळे भांडे लोखंडी असावे व झाकण हाताशी असावे. नंतर पात्यावर दुसरी कानस फिरवून पाहा. ती न चरता निसटली, तर पाते कठीण झाले. येथेच पुष्कळजण कृतकृत्य होऊन थांबतात; वस्तुतः या अवस्थेत पाते फरशीवर पडले तर काचेसारखे फुटते. म्हणून दिरंगाई न करता पॉलिश पेपरने त्याचे एक अंग उजळून, ते दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवावे. उजळलेल्या अंगावर फिकट गवती रंग चढला, म्हणजे थोड्या काठिण्याच्या मोबदल्यात चिवटपणा पदरी पडला असे समज.

मूठ शिसवाची कर. धार मात्र सर्वांत शेवटी, ओल्या दगडावर लाव. पहिले पाते चार इंचांहून लांब नसावे. ते तुझ्या मातोश्रींच्या स्वाधीन कर, आणि पिकला टोमॅटो न दाबता चिरला जातो की नाही, याविषयी त्यांचा अभिप्राय अनमान न करता मला कळव.

तुझा,
बापूकाका